कोरडी साखळी

चंद्रभान उमक यांच्या दुकानात नव्याने आलेल्या गिऱ्हाइकाची पहिली तक्रार बहुधा एकच असते: साखळीला तेल लावलेलं नाही. सायकल ताब्यात घेताना माणूस सवयीने साखळीवर बोट फिरवतो, बोट स्वच्छ निघतं, आणि काम अर्धवट राहिलं असा त्याचा समज होतो. चंद्रभान वाद घालत नाहीत. "चालवून पाहा, मंग बोला," एवढं म्हणून ते पुढच्या कामाकडे वळतात. अमरावतीत राजापेठेकडून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला जो एक आडवा फाटा फुटतो, तिथे त्यांचं पत्र्याच्या छपराचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग आहे आणि त्या खिळ्यांना सायकलींच्या साखळ्या टांगलेल्या असतात. वितळलेल्या मेणातून काढलेल्या त्या साखळ्या गार झाल्यावर काठीसारख्या ताठ होतात. मग चंद्रभान एकेक साखळी लोखंडी दांड्याभोवती फिरवून कडी कडी मोकळी करतात. त्या वेळी मेणाचे पांढरे कण त्यांच्या मांडीवर पडत राहतात आणि दुकानात देवघरासारखा वास पसरतो.

मेणाची ही रीत त्यांनी शोधून काढलेली नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतींना जाणारे सायकलस्वार जगभर ती वापरतात आणि नागपूरच्या एका स्वाराकडून ती त्यांच्यापर्यंत आली. मात्र ती त्यांना पटली ती स्वतःच्या कारणांसाठी. त्यांचं घराणं भाजीपाला पिकवणारं. वांगी, मेथी, कोथिंबीर यांची पोती सायकलच्या कॅरिअरवर बांधून पहाटे बाजारात न्यायची, हे त्यांच्या लहानपणाचं काम होतं. मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची. ती माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि पावसाळ्यात पायाला, चाकाला, खुराला धरून बसते. तेल पाजलेली साखळी ही माती स्वतःकडे ओढून घेते. तेल आणि धूळ यांचा जो लगदा होतो, तो लोखंडाला कानशीप्रमाणे घासत राहतो. मेणाचं तसं नाही. मेण कडीच्या आत, खिळीभोवती बसतं आणि बाहेरचं अंग कोरडं राहतं, त्यामुळे धुळीला बसायला जागा मिळत नाही. आधी डिझेलने आणि मग पेट्रोलने साखळी धुवायची, वाळवायची, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मेण वितळवायचं आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत साखळी त्यात बुडवून ठेवायची, एवढीच कृती.

पण मेणाचीही एक मर्यादा आहे. सततच्या पावसात ते धुपून जातं, लोखंड लोखंडावर घासू लागतं आणि साखळी कुरकुरते. तेल पावसात टिकतं, धुळीत मारतं. मेण धुळीत तारतं, पावसात सोडून जातं. म्हणून चंद्रभानांच्या मते साखळीला काय लावायचं हा प्रश्न साखळीचा नसून रस्त्याचा आहे. शर्यतीच्या आधीचे काही दिवस ते आभाळाकडे फारसं पाहत नाहीत. ते फोन करतात. चिखलदऱ्याच्या घाटात कणसं भाजून विकणाऱ्या माणिकबाईला विचारतात, अकोटच्या एका पंक्चरवाल्याला विचारतात. प्रश्न ठरलेला असतो: गाडी गेली की मागं काय उडते? धूळ की पाणी? शिवाय स्वतःच्या जुन्या काळ्या सायकलवर वेगवेगळ्या रीतीने तयार केलेल्या साखळ्या चढवून ते नांदगावच्या दिशेने शेतवाटांवर फेरफटका मारतात आणि परतल्यावर साखळी हातावर आडवी धरून, जोंधळ्याचं कणीस पाहावं तशी न्याहाळतात.

पोळ्यानंतरच्या रविवारी होणारी अमरावती ते अकोला ही शर्यत त्यांच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत अवघड. सरळ गेलं तर अकोला जवळ आहे. शर्यत मात्र परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढते, उतरते आणि अंजनगाव, अकोट असा वळसा घेऊन अकोल्याला संपते. घाटात ढग खाली उतरलेले असतात आणि खाली अकोटच्या बाजूला त्याच वेळी रखरखीत ऊन असू शकतं. जी साखळी घाटासाठी योग्य, ती सपाटीसाठी अयोग्य. अकोल्याच्या मैदानावर उभारलेला मांडव दिवेलागणीला बंद होतो. त्यानंतर येणाऱ्याची नोंद होत नाही.

दामिनी हा मांडव दोनदा उतरवला जाताना पाहून आली होती. ती नांदगाव खंडेश्वरला राहते, एका दवाखान्यात परिचारिका आहे. कामावर जायला घेतलेल्या सायकलीने तिला हळूहळू लांबच्या रस्त्यांची ओढ लावली. पहिल्या वर्षी घाटातच तिची शक्ती संपली आणि ती अकोल्याला पोचली तेव्हा मांडवाचे बांबू ट्रकमध्ये चढत होते. दुसऱ्या वर्षी तिच्या पायांत बळ होतं. त्या वर्षी पावसाचा अंदाज असल्याने चंद्रभानांनी साखळीला तेल लावलं. पाऊस आला नाही. अकोटच्या पुढे रस्ता रुंद करण्याचं काम चाललं होतं. तिथल्या धुळीने साखळी इतकी माखली की गिअर बदलेनात. रस्त्याकडेला बसून ती काडीने लगदा खरवडत राहिली. अकोल्यात पोचली तेव्हा एक माणूस खुर्च्या एकात एक घालत होता. त्याने तिला पाणी दिलं आणि खुर्ची मात्र दिली नाही, कारण ती मोजून झाली होती.

"यंदा नाई जमलं त सायकल देऊन टाकीन कोनाले बी," असं ती श्रावण लागताच दुकानात येऊन सांगून गेली. चंद्रभानांनी मान हलवली. तिचे पाय, तिचा दम, घाट, ऊन यांतलं काहीही त्यांच्या हातात नव्हतं. हातात होती ती साखळी. यंदा त्यांनी नवी साखळी घेतली, मेणात एकदा बुडवली, गार केली, मोकळी केली, पुन्हा बुडवली. पोळ्याच्या दोन दिवस आधी सायकल तिच्या हवाली करताना, हिला आता कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं.

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे दामिनीचा नवरा अमोल असावा. त्याला प्रत्येक यंत्र उघडून पाहण्याची हौस आहे. दामिनीची सासू पार्बताबाई त्यांच्या ध्यानातही आली नाही, आणि ते स्वाभाविक होतं. पार्बताबाईंनी त्या सायकलीला कधी हात लावला नव्हता. सून दवाखान्यात जाते हे त्यांना मान्य होतं. सुट्टीच्या दिवशी डोक्यावर टोपडं घालून ती विनाकारण कोसच्या कोस हिंडते, हे मान्य नव्हतं. सायकल अंगणात आडवी आली तर त्या ती पायाने सरकवत.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चंद्रभान एस.टी.ने नांदगावला पोचले. दामिनीने त्यांना पुरणपोळीचं जेवण सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शर्यत असल्याने संध्याकाळी सगळे अमोलच्या गाडीने अमरावतीला जाणार होते. अंगणात पाय ठेवताच ते थबकले. सायकल तुळशीशेजारी उभी होती. हँडलला झेंडूचा हार होता, पुढच्या दांड्यावर कुंकवाची बोटं उमटली होती आणि हँडलपासून बैठकीपर्यंत सगळ्या दांड्यांवर हळद-तुपाचा पिवळा लेप वाळलेला होता. साखळी चकाकत होती. त्यांनी बोट फिरवलं. बोट पिवळं आणि ओलं निघालं.

"कोनं केलं हे?"

"म्या," स्वयंपाकघराच्या दारातून पार्बताबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात झारा होता. "पन तुमी काहून नाई केलं, ते सांगा आधी. पोरीले एवढ्या दूर धाडून राहिले, न् चैन कोरडी ठक्क! मी बोट लावून पाह्यलं. एक थेंब नाई तेलाचा. मेकानिक हा का कोन हा तुमी?"

"माय, ते..."

"ते-बिते काई नाई. घरच्या जवसाचं तेल हाय. एका एका कडीत बोटानं भरलं. सारी सांज गेली माही, पाठ मोडून गेली."

जवसाचं तेल हे ऐकून चंद्रभानांनी पिवळं बोट अंगठ्यावर घासून पाहिलं. हे तेल हवा लागली की दाटतं, चिकट होतं. जुनी माणसं ते लाकडाला लावत ती याच गुणासाठी. पार्बताबाई झारा घेऊन परत चुलीकडे गेल्या. दामिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काका, त्याइले काई बोलू नका."

"दामिनी, जवस हाय ते. उद्या दुपारच्याले डिंक होते त्याचा. वरून अकोटची धूळ. मांगच्या वर्षी काडीनं खरवडलं, यंदा छन्नी लागीन."

"लागू द्या."

"आन अकोला?"

तिने तांब्या त्यांच्या हातात दिला. "मांडव उतरताना दोनदा पाह्यला, तिसऱ्यांदा बी पाहीन. पन काल सांजच्याले आई सोताहून म्हनल्या, तुही सायकल आन इकडे. दोन वर्षांत पह्यल्यांदा. आता हे पुसलं, न् त्याइनं पाह्यलं, त मंग मी घरात कोन्या तोंडानं राहू?"

कालची सांज म्हणजे खांदशेकणीची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे कोमट तूप-हळदीने चोळायचे, शेकायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, असा हा रिवाज आहे. पार्बताबाईंच्या दारची बैलजोडी तीन वर्षांपूर्वी गेली. ट्रॅक्टर आला होता आणि जनावरांचं करणारं माणूस घरात उरलं नव्हतं. तरीही दर वर्षी त्या संध्याकाळी त्या सवयीने वाटीभर तूप-हळद कोमट करत. पहिल्या वर्षी अमोलच्या सांगण्यावरून ती ट्रॅक्टरच्या तोंडाला लावली आणि त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या वर्षी वाटी चुलीशेजारी तशीच थिजली. यंदा त्यांनी सायकल मागितली. का मागितली हे त्यांनीच पान वाढताना सांगितलं.

"ट्रॅक्टर काय, डिझल टाकलं की चालते. त्याले कायचा आला खांदा? ही पोरगी तं जीवानं ओढते. म्या पाह्यलं ना मांगच्या वर्षी, घरी आली तं पायरी चढवे ना तिले. मंग जे ओढते त्याचा खांदा नाई शेकाचा त कोनाचा शेकाचा?"

चंद्रभान पुरणपोळी मोडत राहिले. समोर दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. ती साखळी तशीच राहिली तर दामिनी अकोल्याला वेळेत पोचणार नाही, याविषयी त्यांना शंका नव्हती. आणि ती साखळी पुसली तर या घरात एका म्हाताऱ्या बाईने पहिल्यांदा पुढे केलेला हात झिडकारल्यासारखं होईल, हेही त्यांना दिसत होतं. कारागिराला सहसा पहिल्या प्रकारच्या गोष्टींचाच हिशेब करावा लागतो. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी गिऱ्हाइकाच्या घरी राहतात. चोरून साखळी बदलावी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण बदललेली साखळी कोरडी असणार, आणि पार्बताबाईंचं बोट आता कोरडेपणा शोधायला शिकलं होतं.

तेवढ्यात बाहेर घुंगरांचा आवाज आला. शेजारच्या भगवंताची जोडी नाल्यावरून परत येत होती. नुकती धुतलेली, अंगावरून पाणी निथळणारी ती पांढरी जनावरं दारासमोरून गेली आणि ओल्या केसांचा वास घरात शिरला. भगवंताला यंदा उशीर झाला होता. एरवी ही अंघोळ सकाळीच उरकते. चंद्रभानांचा घास हातात राहिला.

"माय," ते म्हणाले, "खांद तुमी काल शेकला."

"हो."

"खांद शेकल्यावर पोळ्याच्या सकाळी बैलाचं काय करतेत?"

"काय करतेत म्हनजे? नाल्यावर नेतेत. घासून धुतेत. तुमाले मालूम नाई का?"

"मंग हिले कोनं धुतलं?"

पार्बताबाईंचा वाढता हात थांबला. त्यांनी अंगणातल्या सायकलीकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग मुलाकडे. "खरंच वो!" त्या म्हणाल्या. "अमोल! बाप्पा, सकाळपासून दोघं बी तिच्या भवताल फिरून राहिले, न् एकानंही धुतली नाई? तूप-हळद अंगावर थापून कोनी बैल तोरनाखाली नेते का? लोक काय म्हनतीन?"

"आई, तुमीच तं..." दामिनीने बोलायला सुरुवात केली आणि तिला हसू आवरेना.

"हासू नोको. जेव आधी, मंग धू."

चंद्रभानांनी इथेच थांबायला हवं होतं असं एखाद्याला वाटेल. काम तर झालं होतं. पण धुतल्यावर पुन्हा तेलाची वाटी पुढे येणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून हात धुऊन ते पार्बताबाईंशेजारी बसले.

"माय, बैल होते तवा बंडीच्या आखाले वंगन घालत होते ना तुमी?"

"घालत होतो म्हनजे? म्याच घालत होती. अमोलच्या बाबाले कुठं सुचत होतं?"

"आखाच्या आतून घालत का चाकाच्या बाहेरून?"

"बाहेरून काहून घालू? माती धरीन ते."

"हे बी तसंच हाय. या चैनीच्या आतमंधी मेन हाय. वंगनच हाय ते, गोठलेलं. बाहेरून कोरडं, म्हनून माती धरत नाई."

पार्बताबाईंनी अंगणातल्या साखळीकडे पाहिलं. "मंग हे आधी सांगता नाई आलं?"

"तुमी विचारलं कोठी?"

"तुमच्या दुकानात येऊन विचारू का मी?" त्या फणकारल्या आणि मग म्हणाल्या, "आता तं तेल भरलं मी. तुमचं ते मेन गेलं असन."

"गेलं. पुन्हा करा लागीन."

"मंग इथीच करा. मले पाहू द्या."

मेणाच्या लाद्या अमरावतीला दुकानात होत्या आणि गावातली दुकानं पोळ्यामुळे अर्धी मिटलेली. अमोल कुठून तरी मेणबत्त्यांचे दोन पुडे घेऊन आला. मेणबत्तीचं मेण चंद्रभानांच्या नेहमीच्या मेणाइतकं चिवट नसतं. पण नसल्यापेक्षा बरं. ट्रॅक्टरच्या डब्यातल्या डिझेलने त्यांनी साखळीतलं जवस काढलं, अमोलच्या मोटारसायकलमधल्या पेट्रोलने ती पुन्हा धुतली. दामिनीने राखेने आणि साबणाने दांडे घासले. कुंकवाची बोटं मात्र तिने तशीच ठेवली. पार्बताबाईंनी खांदशेकणीचंच पातेलं पुढे केलं, चंद्रभानांनी त्यातला तुपाचा अंश निघेपर्यंत ते तीनदा धुवायला लावलं, आणि दर वेळी पार्बताबाई "आता काय याले पाटावर बसवू?" असं म्हणत राहिल्या. मेणबत्त्यांच्या वाती वेचून काढल्यावर मेण पाण्यासारखं स्वच्छ झालं. साखळी त्यात बुडली आणि कड्यांमधून बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

"हे काय होऊन राह्यलं?"

"आतली हवा भाईर येऊन राह्यली. तिच्या जागी मेन जाते."

पार्बताबाई बुडबुडे संपेपर्यंत पातेल्यावर वाकून होत्या. नंतर साखळी पडवीच्या खुंटीला टांगली, जिथे पूर्वी बैलांचे कासरे असत.

संध्याकाळी निघण्याआधी चंद्रभानांनी फोन लावले. माणिकबाई म्हणाली, घाटात धुकं आहे, पाणी येतं आणि थांबतं. अकोटचा पंक्चरवाला म्हणाला, टँकर रस्त्यावर पाणी मारतो, तासाभरात सुकतं, मग पुन्हा धूळ. म्हणजे एकाच साखळीने दोन्हीकडे निभावणार नव्हतं. त्यांनी दामिनीच्या मागच्या खिशात दोन गोष्टी ठेवल्या: बोटभर मेणबत्तीचा तुकडा आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत पार्बताबाईंनी भरून दिलेलं जवसाचं तेल. दुकानातलं तेल द्यावं असं त्यांना वाटलं होतं. पण पावसातल्या एका दुपारपुरतं जवसही चालून जाईल, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं.

"घाटात मेन धुऊन जाईन," ते म्हणाले. "चैन कुरकुर करीन, भेवू नोको. खाली उतरली की अंजनगावले थांब, न् रस्त्याकडे पाह्य. ओला असन त तेल. धूळ असन त मेनबत्ती, चैनीवर चोळाची, कापडानं पुसाची, न् निंघाचं. दोन्ही एकमेकावर नाई."

"न् दोन्ही असन त?"

"मंग तू पाह्यजो. मी तिथी नसन."

रविवारी पहाटे शर्यत सुटली. अमोल गाडी घेऊन नांदगावला परतणार होता, म्हणून चंद्रभान बसने अकोल्याला निघाले. पार्बताबाई सोबत होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. स्वारांची रांग निघून गेल्यावर त्या पिशवी घेऊन थेट बसस्थानकाकडे चालू लागल्या होत्या. पिशवीत फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या होत्या. अकोल्याच्या मैदानावर दोघे मांडवाच्या कडेच्या खुर्च्यांवर बसले. दुपारी माणिकबाईचा फोन आला: "गेली तुमची पोरगी. चिंब भिजली. चैन कुईकुई करून राह्यली." म्हणजे मेण अपेक्षेप्रमाणे धुतलं गेलं होतं. त्यानंतर काहीच कळलं नाही. चंद्रभानांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, अंजनगावला तिने खिशातून काय काढलं. आणि ती जाणण्याचा काही उपाय नव्हता.

पुरुष स्वार येऊ लागले, मग पहिल्या दोन बाया आल्या. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. उन्हं उतरली. येणाऱ्यांच्या मधलं अंतर वाढत गेलं. मांडवाची माणसं लांबच्या टोकाच्या खुर्च्या गोळा करू लागली, तशा पार्बताबाई आपल्या खुर्चीत अधिकच मागे सरकून बसल्या.

"किती येळ हाय अजून?"

"दिवे लागले की संपलं."

"लागले का?"

"नाई लागले, माय."

"मंग तोंड काहून पाडून बसले?"

रस्त्यावर वाहनांची वर्दळ होती. ट्रक, रिक्षा, घरी परतणारी माणसं. त्या सगळ्या गोंगाटात पार्बताबाईंनी एकाएकी मान वाकडी केली.

"ऐका."

चंद्रभानांना काही ऐकू आलं नाही.

"बंडी येऊन राह्यली," त्या म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "आपली बंडी अशीच वाजत ये. वावरातून निंघाली की मी चुलीपाशी बसून ओळखो. ऐका ना!"

मग त्यांनाही ऐकू आलं: पायाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक, कोरडी, न चुकणारी किरकिर. एरवी आपल्या हातची साखळी अशी वाजताना ऐकून चंद्रभानांनी मान खाली घातली असती. या वेळी ते त्या आवाजाच्या दिशेने चालू लागले. वळणावरून दामिनी आली. अंगावर घाटातला चिखल आणि त्यावर अकोटची धूळ असे दोन थर होते. ती मांडवाखालून गेली. टेबलामागच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि नोंद केली. मांडवाच्या कडेचे दिवे त्यानंतर लागले.

ती खाली बसली आणि बराच वेळ बसूनच राहिली. चंद्रभानांनी सायकल धरली. पहिल्यांदा त्यांनी साखळीवर बोट फिरवलं. धूळ होती, पण कोरडी. झटकली की पडणारी. लगदा नव्हता. त्यांनी विचारलं नाही, तरी दामिनीने मागच्या खिशात हात घालून तेलाची बाटली काढली. ती भरलेली होती. मेणबत्ती उरली नव्हती.

"अंजनगावले आभाळ आलं होतं," ती म्हणाली. "तेलाचं बूच काढलं होतं म्या. तेवढ्यात एक ट्रक गेला, न् मांगं निस्ती धूळ. मंग लावलं बूच. मेनबत्ती चोळली. अकोटपर्यंत गुपचाप चालली, मंग लागली वाजाले. वाजली त वाजली."

पार्बताबाईंनी बाटली तिच्या हातातून घेतली आणि उजेडात धरली.

"पाहा भाऊ, एवढं तेल नेलं, न् एक थेंब नाई लावला. अशीच वाजवत आनली." त्यांनी पुरणपोळीचं फडकं सुनेच्या मांडीवर टाकलं. "खा. हात धुवाले जाऊ नोको आता, तशीच खा." मग चंद्रभानांकडे वळल्या. "आता तरी चालते का लावलं तं?"

शर्यत संपली होती. ती साखळी उद्या दुकानात निघणार होती, पुन्हा धुतली जाणार होती. तिला आता काहीही लावलं असतं तरी बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आता चालते, माय," ते म्हणाले, आणि त्यांनी सायकल उलटी करून पार्बताबाईंसमोर ठेवली.

पार्बताबाईंनी पदर खोचला, जमिनीवर बसल्या आणि बाटलीतलं तेल तळहातावर घेऊन पहिल्या कडीला बोट लावलं. चंद्रभान पायडल हळूहळू फिरवत राहिले. एकेक कडी त्यांच्या बोटाखालून पुढे सरकत होती आणि किरकिर कमी कमी होत होती. मांडवाची माणसं बांबू सोडवत सोडवत जवळ आली. त्यांच्यातला एक जण थांबून म्हणाला, "मावशी, उठा आता, हे काढा लागते."

"थांब ना बाप्पा जरा," पार्बताबाई वर न पाहता म्हणाल्या. "एवढी बाजू राह्यली."

तो हातातली दोरी तशीच धरून उभा राहिला.